मी जायच्या आधीच पहाडगंजात मी येऊन गेले होते

ओके, मला हे आत्ता लिहायचंय. आत्ता म्हणजे आत्ताच. मेट्रोतून उतरले, रूमवर आले, शूजपण काढले नाहीयेत, बेडच्या कडेला बसून फोनवर टाइप करतेय... चुका असतील, सांभाळून घ्या यार. उद्या सकाळी एक गोष्ट करायची की नाही हे मला ठरवायचंय आणि घरी कुणाला विचारू शकत नाही. मम्मीला सांगितलं तर ती पहिल्या गाडीने मला गावाला बोलावून घेईल.

आधीच सांगते, मी या ग्रुपवर दोन वर्षं आहे, पण नुसती वाचायला. आणि खरं सांगू? हसायला. सॉरी! आमच्या घरात असलं काही नव्हतंच कधी. पप्पा फौजी. ते म्हणायचे, 'एवढ्या रात्री बर्फात उभा राहिलोय, भूत असतं तर एकदा तरी चहा मागायला आलं असतं.' मीपण त्यांचीच पोरगी. कोणी असलं काही सांगायला लागलं की मी मोबाइल बघायला लागायचे.

तर गेल्या वर्षीचा जानेवारी. तेव्हा मी दिल्लीत राहत नव्हते. महाराष्ट्राच्या बाहेर तोवर पायच ठेवला नव्हता (दिल्ली कँटोन्मेंटमध्ये, म्हणजे कँटमध्ये, मी तीन वर्षांची होईपर्यंत होतो म्हणे, पण ते काय आठवतंय). आमचं गाव सातारा जिल्ह्यात, कोरेगावच्या बाजूला. पप्पा नायब सुभेदार म्हणून रिटायर झाले. दोनेक वर्षांपासून त्यांचं विसरणं वाढलं होतं. चष्मा कुठे ठेवला टाइप विसरणं नाही. ते मधूनच पंधरा वर्षं मागे जायचे. मी समोर बसलेली आणि मम्मीला विचारायचे, 'सोनल शाळेतून आली का गं?' सोनल म्हणजे मीच.

साताऱ्याच्या डॉक्टरांनी दिल्लीतल्या मिलिटरी हॉस्पिटलची चिठ्ठी दिली. अपॉइंटमेंट सोमवारची. मम्मीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, मला भाऊबहीण नाही, म्हणून मी आणि पप्पा दोघंच निघालो. रविवारी सकाळी साडेसहाला नवी दिल्ली. धुकं एवढं की प्लॅटफॉर्मचं दुसरं टोक दिसेना. फौजी गेस्टरूम सोमवारपासून मिळणार होती, म्हणून एका रात्रीपुरतं पहाडगंजात हॉटेल घेतलं होतं. मेन बाजारच्या आतल्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर.

मम्मीने फोनवर दहा वेळा सांगितलं, 'त्यांना एकटं सोडू नको हां. बाथरूमला गेलीस तरी बाहेरून कडी घाल.'

सकाळभर मी सोडलं नाही. हे नीट लक्षात ठेवा, प्लीज, कारण पुढे सगळं यावरच आहे. पावणेसातपासून सव्वादोनपर्यंत मी त्या रूममध्ये होते. झोपलो, आंघोळी केल्या, खालून आलू पराठे मागवले. अकरा वाजता पप्पा खिडकीत बसून दाढी करत होते आणि मी त्यांच्यासमोर आरसा धरून उभी होते. दोन वाजता गोळ्या दिल्या. त्यांनी कानाचं मशीन काढून डबीत ठेवलं आणि दहा मिनिटांत घोरायला लागले.

आणि मी खिडकीतून खाली बघत बसले.

आता मला कोणी काही बोललं तरी चालेल. पण मला जायचं होतं. तेवीस वर्षांची होते, पहिल्यांदा एवढ्या लांब आले होते आणि खाली ते सगळं चालू होतं. मी म्हटलं, एक तास. ते चार वाजेपर्यंत उठत नाहीत. कडीला हात लावला बाहेरून... आणि नाही घातली. स्वतःच्या बापाला कोंडून कसं जायचं? नुसतं दार ओढलं, पिवळा स्वेटर चढवला आणि निघाले.

पहाडगंज ज्यांनी बघितलं नाही त्यांना कसं सांगू... मला तर फॉरेनला आल्यासारखंच वाटलं. पाट्या कुठल्या कुठल्या लिपीत! हिब्रू आहे हे मला नंतर कळलं. कोरियन जेवण, रशियन अक्षरांत चामड्याच्या दुकानांची नावं, झगमग दिव्यांचे कंदील, आणि कडाक्याच्या थंडीत पातळ पायजमे घालून फिरणारे गोरे लोक. मधून ई-रिक्षा, गाय, परत ई-रिक्षा. मी मॅप बंद करून टाकला. म्हटलं, आज हरवायचंच. हातात पप्पांचा हात नाही, खांद्याला बॅग नाही. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. हे लिहिताना लाज वाटतेय, पण खरंय ते.

चौकात एका टपरीवर चहा घेतला. चहावाल्याने ग्लास दिला आणि विचारलं, "मिले क्या?"

"कौन?"

"अरे, पापा आपके।"

मी म्हटलं, "किसके पापा? भैया, कोई और होगी।"

त्याने मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "सुबह आप ही थीं। मोबाइल में फोटो दिखा रही थीं सबको। यही पीला स्वेटर।" मग खांदे उडवले. "चलो, होगी कोई।"

मला वाटलं, दिल्लीवाले पोरींशी असंच काहीतरी काढून बोलत असतील. सगळे सांगतात ना, दिल्लीत सांभाळून. चहा अर्धा टाकला आणि पुढे गेले.

मम्मीच्या मैत्रिणीने सांगितलं होतं की पहाडगंजात मराठी शाळा आहे, बरीच जुनी. मला तिच्या पाटीसोबत सेल्फी हवा होता, स्टेटसला टाकायला. विचारत विचारत वीस मिनिटांत पोचले. रविवार, गेट बंद. पण इतक्या हिंदीत एकदम मराठी नाव वाचून ना, भारी वाटलं! फोटो काढला. गेटच्या बाजूला एक म्हातारे बाबा कोळशावर रताळी भाजत होते. त्यांनी मला हाक मारली.

"बिटिया, अब तो कुछ खा लो। सुबह से भूखी घूम रही हो।"

"मैं? मैंने तो पराठे खाए हैं, बाबा।"

"आपने ही तो कहा था। पापा मिल जाएँ, फिर खाऊँगी।" मग रताळं उलटत, "गला भी बैठा हुआ था आपका। अब ठीक है।"

इथे मात्र मी फोन खिशात टाकला. कारण ते वाक्य माझं आहे. मम्मीच्या ऑपरेशनच्या दिवशी मी मावशीला अगदी असंच म्हटलं होतं, 'मम्मी बाहेर येऊ दे, मग खाते.' मी अशीच करते. टेन्शन आलं की जेवत नाही. हे त्या बाबांना कसं कळेल?

मी हॉटेलच्या दिशेने चालायला लागले. पळत नव्हते अजून. स्वतःला समजावत होते... सेम स्वेटरवाली कुणीतरी मुलगी, तिचे वडील हरवले असतील, बिचारी. पण त्या गल्ल्या एकमेकींत अशा घुसलेल्या आहेत की मी दोनदा त्याच मसाल्याच्या दुकानासमोर आले. मॅप चालू केला तर निळा ठिपका एका बिल्डिंगच्या आत जाऊन बसलेला. तिसऱ्यांदा वळले तर बॅगांचं दुकान. दारात स्टुलावर एक अंकल, पांढरी दाढी, गळ्यात मफलर. मला बघून ते उठूनच उभे राहिले.

"बेटा! कुछ पता चला?"

मी दोन पावलं मागे सरकले.

"मैंने सबको बोल रखा है। हरा स्वेटर, काला बैग, कान की मशीन कमरे में भूल गए, ऊँचा बोलना पड़ेगा। यही बताया था ना आपने?"

"कब बताया था, अंकल?"

"ग्यारह-साढ़े ग्यारह बजे। क्यों, बेटा?"

अकरा वाजता मी आरसा धरून उभी होते हो. हिरवा स्वेटर, काळी बॅग पप्पांचीच! आणि मशीन? मशीन पप्पांनी दोन वाजता काढलं. माझ्यासमोर. त्याच्या आधी ते कुणाला माहीत असणार?

पप्पांना फोन लावला. रिंग जातेय, जातेय, जातेय. परत लावला. मशीन नाही तर रिंग कशी ऐकू येणार, म्हणून स्वतःला धीर देतेय आणि पळतेय. आता पळत होते. अंकलनी मागून ओरडून रस्ता सांगितला, "सीधा, फिर बाएँ, नल के पास से!"

हॉटेलच्या रिसेप्शनवाल्याने माझ्याकडे बघितलंपण नाही, मोबाइलमध्ये डोकं घालून म्हणाला, "सर तो निकल गए, मैडम। पंद्रह-बीस मिनट हुए।"

"निकल गए मतलब? कहाँ?"

"बोले, छुट्टी ख़त्म, जा रहा हूँ। सलाम भी किया।"

वर गेले. दार सताड उघडं. डबी टेबलावर, मशीन आत. हिरवा स्वेटर नाही, काळी बॅग नाही. आणि पलंग... पलंगावरची रजई अशी घडी केलेली, चारही कोपरे धरून, कडा एकदम सरळ, वर उशी मधोमध. गावाकडे ते अंथरूण तसंच टाकून उठतात, मम्मी रोज ओरडते. ही घडी मी फक्त त्यांच्या बॅरॅकच्या जुन्या फोटोत बघितली होती. ती बघितली आणि मला समजलं की पप्पा फिरायला गेलेले नाहीत. ते ड्यूटीवर गेलेत.

फौजीच्या पोरीला फौजी म्हटलं की एकच जागा डोक्यात येते. कँट. आमचं क्वार्टर तिथे होतं, माझे पहिले फोटो तिथले, घरात सगळे किस्से तिथले. मी धावत मेन बाजारातून स्टेशनसमोर आले, पहिली ऑटो दिसली तिच्यात बसले. "भैया, दिल्ली कैंट, जल्दी!"

ऑटोवाला मागे वळला. पन्नाशीचा माणूस, डोक्याला माकडटोपी. त्याने ऑटो चालूच केली नाही.

"मैडम, फिर कैंट?"

"फिर मतलब?"

"सुबह मैं ही तो ले गया था आपको। दो घंटे लगे आने-जाने में। लौटते हुए पूरे रास्ते रो रही थीं। एक ही बात बोल रही थीं, कैंट आना ही नहीं चाहिए था, सारा टाइम ख़राब हो गया।" मग एकदम हळू, "वहाँ नहीं हैं आपके पापा। आप ही देख के आई हैं।"

मला माहीत नाही मी तेव्हा काय विचार केला. विचार केलाच नाही बहुतेक. एवढंच वाटलं, कोणीतरी कँटला जाऊन आलंय आणि रडत परत आलंय, तर मी नाही जायचं. उतरले आणि रस्त्यातच उभं राहून मम्मीला फोन लावला. सगळं एका दमात सांगितलं. म्हणजे, पप्पा गेले एवढंच. बाकीचं नाही.

मला वाटलं ती रडेल, मला शिव्या घालेल. पण ती विचारते, "नीट सांग, काय म्हणाले ते? रजा संपली म्हणाले?"

"हो. छुट्टी ख़त्म म्हणाले."

"मग कँटात कशाला जातील, येडे? कँट म्हणजे फॅमिली. रजा संपली की सरळ युनिट. दिल्लीला उतरायचं, स्टेशनातच फौजी लोकांचं ऑफिस असतं तिथं हजेरी लावायची आणि जम्मूची गाडी धरायची. बारा वर्षं हेच केलंय त्यांनी. तू स्टेशनात जा! आधी जा, मग रड!"

घड्याळात तीन पस्तीस. जम्मूची गाडी तीन चाळीसला, सात नंबरवर, बोर्डावर लाल अक्षरांत. मी तो पूल कसा चढले देवाला माहीत. 'पप्पा, पप्पा' ओरडत होते. त्यांना मशीनशिवाय ऐकू येत नाही हे माहीत असूनही ओरडत होते. सातच्या जिन्यावरून उतरते तर खाली एक हमाल, लाल सदरा, दंडाला बिल्ला. मला बघून त्याने कपाळावर हात मारला.

"अरे मैडम, बताया तो था आपको। निकल गई गाड़ी। अंकल को मैंने खुद चढ़ते देखा, पीछे से दूसरा डिब्बा, जनरल वाला। आप पाँच मिनट पहले आ जातीं तो..."

आणि तो थांबला. माझ्या खांद्यावरून मागे बघत राहिला.

मी वळले. गाडी उभी होती. अख्खी. लोक चढत होते, कुणी खिडकीतून पाण्याच्या बाटल्या घेत होतं.

"ये... ये तो खड़ी है," तो म्हणाला. असा आवाज की जणू मीच त्याला काहीतरी सांगावं. "मैंने तो इसे जाते देखा है, मैडम। आप यहीं बैठ गई थीं, नीचे।"

मी त्याचं बाकी काही ऐकलं नाही. मागून दुसरा डबा. एवढंच. माझ्या मनाने गेले असते तर मी पुढून एकेक डबा बघत आले असते. वीस-बावीस डबे! पाच मिनिटांत शक्यच नव्हतं. मागे पळाले, दारातल्या गर्दीतून घुसले, आणि...

पप्पा खिडकीशी बसले होते. हिरवा स्वेटर, मांडीवर काळी बॅग, पाठ ताठ. दाढी सकाळी केलेली, चकाचक. समोर एक चाळिशीचा हवालदार गडी, युनिफॉर्ममध्ये, मोठ्या मिशा.

मी जाऊन त्यांचा हात धरला. त्यांनी वर बघितलं. ओळखलं! पण कोणती मी ओळखली कोण जाणे.

"तू इथं कशी काय? मम्मी कुठाय?" मग एकदम कडक, "फिल्डात फॅमिली अलाऊ नाय. माहीत हाय ना?"

"पप्पा, उतरा. गाडी सुटेल."

"सुटणारच. ड्यूटीला चाललोय."

ओढलं. ते नाहीत हलत. ते अजूनही माझ्या दुप्पट ताकदीचे आहेत. गाडीने हॉर्न दिला. मी त्या हवालदारांकडे बघितलं आणि मराठीतच बोलून गेले, "विसरतात हो ते. रिटायर झालेत. हॉस्पिटलला आणलंय मी त्यांना, प्लीज..."

"कुठलं गाव?" त्यांनी मराठीत विचारलं! कोल्हापूरकडचे निघाले.

"कोरेगाव. नायब सुभेदार होते."

तो माणूस उठला. अॅटेन्शनमध्ये. त्या गर्दीत, वर सामान, खाली पोरंबाळं, आणि खाडकन सॅल्यूट. पप्पांच्या कानाजवळ वाकून मोठ्याने म्हणाला, "साब! तार आलीया. तुमची रजा वाढलीया!"

पप्पांनी त्याच्याकडे बघितलं. "किती?"

"धा दिस, साब."

"दहाच? मी पंधरा मागितले होते."

डब्यात दोघंतिघं हसले. मला रडू फुटलं. हवालदारांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "धाच मंजूर झाल्यात, साब."

"सही कुणाची हाय?"

"सीओ साबांची."

"मग ठीकाय," म्हणाले आणि उठले. असे उठले की जणू कधी हटून बसलेच नव्हते. गाडी हलायला लागली होती. हवालदारांनी बॅग घेतली, आम्हाला दोघांना दारातून अलगद खाली उतरवलं आणि बॅग माझ्या हातात फेकली. त्यांचं नावपण विचारलं नाही मी. गाडी गेली आणि आम्ही प्लॅटफॉर्मवर उभे. माझा आवाज पार बसला होता.

पप्पा म्हणाले, "रडतीस काय, बाळ? रजा वाढली की."

हमाल जिन्याजवळ तसाच उभा होता. आमच्याकडे बघितलं, पप्पांकडे जरा जास्तच वेळ बघितलं. हात जोडले आणि निघून गेला. जवळ आला नाही.

त्या रात्री पप्पा झोपल्यावर मी दाराला पाठ लावून बसून राहिले. सोमवारी हॉस्पिटल, टेस्ट, औषधं... त्या आजाराचं नाव तुम्ही ओळखलं असेल. निघताना मी हॉटेलवाल्याच्या हातापाया पडून कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग बघितलं. मी सकाळी पावणेसातला आत आलेली दिसते आणि दोन सोळाला बाहेर पडलेली. मध्ये काही नाही.

आता तुम्ही म्हणाल, सगळे मिळून मस्करी करत होते. चहावाला, रताळीवाले बाबा, बॅगवाले अंकल, ऑटोवाला, हमाल. पाच जण एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत. बरं, माझ्यासारखी दिसणारी दुसरी कोणी? चालेल, समजा होती. तिचे वडीलपण हिरव्या स्वेटरमध्ये? फौजी? कानाचं मशीन विसरून गेलेले? ती पण कँटला गेली? आणि हमालाने गाडी *जाताना* बघितली ती कुठली? मी किती वेळा बसून हे जुळवलं. दर वेळी एक तुकडा उरतो. मग मी ते सोडून दिलं. पप्पा सापडले ना. विषय संपला.

संपला नाही. म्हणून तर लिहितेय.

पाच महिन्यांपूर्वी मला नोएडात जॉब लागला. सेक्टर बासष्टमध्ये पीजीत राहते. दिल्ली आता बऱ्यापैकी पायाखालची झालीय, रविवारी एकटीच कुठे कुठे चालत फिरते. पण पहाडगंज टाळत होते. आज स्वतःलाच म्हटलं, किती दिवस घाबरायचं? आणि त्या बॅगवाल्या अंकलना थँक्यू म्हणायचं राहिलं होतं. त्यांनी नीट वर्णन केलं म्हणून मी पळाले, नाहीतर फिरतच बसले असते. दुपारी गेले. मिठाईचा डबा घेतला.

अंकल स्टुलावरच होते. मला बघून उठले. त्यांचा चेहरा असा झाला ना... कुणाच्या दहाव्याला गेल्यावर होतो तसा.

"आ गईं बेटा। बैठो। मैं क्या बोलूँ, इस बार भी कोई ख़बर नहीं।"

मी डबा हातात धरून उभी.

"पिछले महीने आई थीं तो मेरी घरवाली रात भर सोई नहीं। कहती थी, बिटिया आधी रह गई है। चाय भी नहीं पी आपने। वही फोटो, वही बात। हरा स्वेटर, काला बैग..." मग माझ्याकडे नीट बघून, "आज थोड़ी ठीक लग रही हो।"

गेल्या महिन्यात मी पहाडगंजात पाय ठेवलेला नाही. शप्पथ.

आणि मी काय केलं माहितीये? मी घाबरले. त्या अंकलचा चेहरा मला बघवेना. तोंडातून निघून गेलं, "मिल गए, अंकल। पापा मिल गए।"

अंकलनी दोन्ही हात वर केले. डोळ्यांत पाणी. आतून बायकोला हाक मारली, शेजारच्या दुकानदाराला ओरडून सांगितलं, "अरे सुनो, बिटिया के पापा मिल गए!" लोक जमले. काकूंनी मला जवळ घेतलं, जबरदस्तीने चहा पाजला. कुठे मिळाले, कसे आहेत, एवढे दिवस कुठे होते? मी काहीतरी बोलत राहिले. गावाला आहेत, बरे आहेत. खोटं नव्हतं ते. मिठाई सगळ्यांना वाटली.

मेट्रोत बसले आणि दोन स्टेशनं गेल्यावर माझ्या डोक्यात आलं.

ती परत येणार आहे. पुढच्या महिन्यात येईल, नाहीतर त्याच्या पुढच्या. फोटो घेऊन. आणि ते अंकल हसत तिला सांगतील, 'बेटा, तुम्हारे पापा तो मिल गए ना! तुम्हीं ने तो बताया।' आणि यापुढे गल्लीत कुणीच हिरव्या स्वेटरवाल्या म्हाताऱ्याकडे लक्ष ठेवणार नाही. शोधणारे तिचे ते चार लोक मी आज काढून घेतले. चहाच्या एका कपात.

माझे पप्पा आत्ता घरी आहेत. फोन केला होता, मम्मी म्हणाली जेवून झोपलेत. ती माझ्या डोळ्यासमोरून जात नाहीये, आणि मी तिला बघितलेलंपण नाहीये. ती पाच मिनिटं उशिरा पोचली एवढंच.

उद्या ऑफिसच्या आधी जाऊ का अंकलकडे? जाऊन सांगू का, की नाही मिळाले, शोधत राहा? एवढ्या खूश झालेल्या माणसाला जाऊन असं सांगायचं? आणि सांगताना मी कोण म्हणून सांगायचं? तिला मेसेज ठेवावा म्हटलं तर नंबर कुठला देऊ, तिचा-माझा नंबर एकच असणार.

मला काहीच कळत नाहीये. तुमच्यापैकी कुणाला झालंय का असं? अनोळखी ठिकाणी गेलात आणि लोक म्हणाले, अरे, तुम्ही तर आत्ताच येऊन गेलात? झालं असेल तर तुम्ही काय केलंत? प्लीज आज रात्रीतच लिहा. मी जागीच आहे.